वर मुलांची खोली आहे

बाळांनो,

गौरी घरात आल्या त्या संध्याकाळी तुमच्याकडे सकाळ होती. तुम्ही दोघं दुधाचे पेले घेऊन फोनवर बघत होतात आणि मध्येच धाकटीने विचारलं, "आजी, वर कोण राहतं?" मी उत्तर दिलं नाही. इकडे गौरींची गडबड होती, आजोबांच्या हातातला फोन हलत होता, आणि तिकडे तुमचे बाबा शाळेला उशीर होतोय म्हणून ओरडत होते. प्रश्न तसाच राहिला. कुठलंही काम अर्धवट सोडायची मला सवय नाही, म्हणून उत्तर लिहायला बसले आहे. आताच लिहिते, कारण येत्या थंडीत आम्ही अलीगंजचं हे घर सोडणार आहोत. इथल्याच सरोजिनी नगरला, विमानतळाच्या बाजूला, एक फ्लॅट बघितला आहे. तुमचे बाबा कितीतरी वर्षं हेच सांगत होते आणि मी दर वेळी नाही म्हणत होते. या गौरींत मी हो म्हटलं.

आधी हे इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. तुम्हाला ते सोपं, आणि माझंही शिक्षण इंग्रजीतच झालं. शाळेत आयुष्यभर तेच शिकवलं. पण 'गौरी घरात आणल्या' हे इंग्रजीत लिहिलं की कुणाला तरी स्टेशनवरून घेऊन आल्यासारखं वाटायला लागलं. म्हणून मराठीत लिहिते. बाबा वाचून दाखवतील. कंटाळा करू लागले तर मी सांगितलंय म्हणा.

गौरी दोघी बहिणी. गणपती बसल्यावर काही दिवसांनी येतात, एक दिवस जेवतात आणि तिसऱ्या दिवशी जातात. आपल्या घरी त्यांचे पितळेचे मुखवटे आहेत. माझ्या सासूबाईंनी ते साताऱ्याहून इकडे येताना ट्रंकेत साड्यांच्या घड्यांमध्ये ठेवून आणले. आजोबांना इथल्या संशोधन संस्थेत नोकरी लागली होती आणि चार-दोन वर्षांत परत जाऊ असं सगळ्यांनाच वाटत होतं. गेलो नाही. मुखवटेही इथलेच झाले.

आपल्याकडची रीत अशी. तांदूळ घातलेल्या सुपात दोन्ही मुखवटे ठेवायचे आणि घरच्या बाईने ते सूप दोन्ही हातांत धरून दारातून आत यायचं. जमिनीवर कुंकवाची पावलं काढलेली असतात, त्यांच्यावरून गौरींना सगळं घर दाखवायचं. प्रत्येक खोलीच्या दारात दुसऱ्या बाईने विचारायचं, "गौराई, इथं काय आहे?" आणि सूप धरणारीने सांगायचं, "इथं स्वयंपाकघर आहे, भरलेलं आहे." "इथं देवघर आहे, भरलेलं आहे." एकही खोली वगळायची नाही. जी खोली दाखवायची राहील तिथं वर्षभर गौरींचं लक्ष नसतं, असं सासूबाई म्हणायच्या, आणि अडगळीच्या खोलीचंही दार उघडायला लावायच्या.

त्या होत्या तोवर त्या विचारायच्या आणि मी सांगायची. त्या गेल्यावर विचारायला कुणी उरलं नाही, कारण आमच्या गल्लीत दुसरं मराठी घर नव्हतं. एक वर्ष आजोबांनी विचारलं. ते इतक्या कोरडेपणाने विचारत होते की गौरींची तपासणी चालली आहे असं वाटत होतं. मग पुढच्या वर्षी आमची शेजारीण म्हणाली, "भाभीजी, मुझे सिखा दीजिए, मैं पूछूँगी।" तेव्हापासून तीच विचारते. फक्त तिला प्रश्नाच्या शेवटी 'जी' लावल्याशिवाय चैन पडत नाही. "गौराई, इथं काय आहे जी?" तुमचे बाबा लहान असताना हे ऐकून लोळून हसायचे.

आता या वर्षीचं सांगते.

गौरींच्या साड्या आणायला मी नेहमीच्या बाजारात गेले. दुकानदाराने न विचारता मला खुर्ची दिली. पूर्वी मला कुणी खुर्ची देत नसे, मी गादीवर बसून साड्या उलगडून बघायची. त्याने आत हाक मारली, "अम्माजी के लिए हल्के रंग में निकालो, सूती।"

"मेरे लिए नहीं," मी म्हटलं, "देवी के लिए।"

"अच्छा, देवीजी के लिए! तो ऐसा बोलिए ना।" आणि लगेच समोर लाल, हिरव्या, जांभळ्या साड्यांचा ढीग पडला. त्यात एक आंब्याच्या रंगाची होती, हिरव्या काठाची. गौरी गेल्या की त्यांच्या साड्या घरच्या बाईने नेसायच्या असतात. मी ती घेतली. पण घेताना त्या माणसाकडे बघितलं नाही. याच बाजारात मी आधी भाभीजी होते, मग आंटीजी झाले. अम्माजी कधी झाले ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आजोबा तोरण बांधायला स्टुलावर चढले. पूर्वी ते चढायचे तेव्हा मी दाराबाहेर लांब उभी राहून "डावीकडे, अजून थोडं, आता वर" असं सांगायची. या वेळी मी खाली बसून स्टुलाचे पाय धरले होते आणि त्यांनी एक हात माझ्या डोक्यावर ठेवून तोल सांभाळला होता. लांबून बघायला कुणी नव्हतं. तोरण एका बाजूला उतरतं झालं. दोघांनाही ते दिसत होतं.

"ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे," मी म्हटलं. जेवणाच्या टेबलावर चमचा तिरका असला तरी सरळ करणारी मी. ते तोरण तसंच राहिलं.

पावलं काढतानाही असंच झालं. फाटकापासून देवघरापर्यंत मी वाकून वाकून काढली. जिन्याशी आल्यावर खालच्या पायरीवर बसले आणि हात पोचेल तेवढ्या पायऱ्यांवर बसूनच काढली. उरलेली नंतर काढू असं मनाशी म्हटलं आणि कुंकवाची वाटी उचलून ठेवली. खरं म्हणजे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

संध्याकाळी शेजारीण आली. तिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन पावसाळ्याच्या आधी झालं आहे, ती अजून काठी घेते. आजोबांनी एका हातात घंटा आणि दुसऱ्या हातात फोन धरला, तुम्हाला दिसावं म्हणून. मी सूप उचललं. पितळ दर वर्षी तेवढंच असतं, पण मला ते जड लागलं. स्वयंपाकघर झालं, देवघर झालं, आमची खोली झाली, अडगळीची खोलीही झाली. सगळीकडे शेजारणीने विचारलं आणि मी भरलेलं आहे म्हणून सांगितलं. मग आम्ही जिन्याशी आलो.

माझे दोन्ही हात सुपाला होते. कठडा धरायला हात नव्हता. मी एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि दुसरा उचलेना. उजव्या गुडघ्यात कळ आली आणि सुपातले तांदूळ एका बाजूला सरकले. मुखवटे एकमेकांवर आपटून वाजले. मी पाय खाली घेतला.

"मी धरू?" आजोबांनी विचारलं.

"तुम्ही कसे धराल? आणि परवाच तुम्हाला चक्कर आली होती."

"भाभीजी, लाइए, मैं ले चलती हूँ," शेजारीण म्हणाली आणि लगेच आपल्या काठीकडे बघून हसली. "मैं भी क्या बोल रही हूँ!"

आम्हा तिघांत मिळून त्या जिन्याला पुरेल असा एक गुडघा नव्हता. माझ्या मनात सारखं येत होतं की वरची खोली राहिली. लग्न होऊन आल्यापासून ती कधी राहिली नव्हती. एका वर्षी तर अंगात ताप होता तरी मी वर गेले होते.

मग शेजारणीने मान वर करून, जिन्यातून वर ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात विचारलं, "गौराई, वर काय आहे जी?"

मी खालूनच सांगितलं, "वर मुलांची खोली आहे. भरलेली आहे."

ते तोंडून सवयीने गेलं. आजोबांची घंटा थांबली. आणि तेव्हाच फोनमधून धाकटीचा आवाज आला, "आजी, वर कोण राहतं?"

शेजारीण जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाली, "दिल छोटा मत कीजिए। देवीजी की भी उमर हो गई है, उनके घुटने नहीं दुखते होंगे क्या?" मी हसले. ती गेल्यावर मी गौरींना साड्या नेसवायला बसले. आंब्याच्या रंगाच्या साडीच्या निऱ्या मला पुन्हा पुन्हा घालाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी पुरण झालं, सोळा भाज्या झाल्या, पण माझं लक्ष जिन्याकडेच होतं. तिसऱ्या दिवशी गौरी जायच्या. आपले मुखवटे पितळेचे, ते नदीत सोडत नाहीत. फुलं आणि पत्री तेवढी गोमतीत सोडायची आणि येताना मूठभर ओली वाळू आणायची. ती घरात सगळीकडे थोडी थोडी टाकायची, म्हणजे गौरी गेल्या तरी घर रिकामं होत नाही. पूर्वी नदीवर आम्ही स्कूटरवरून जायचो, मी मागे पत्रीची पिशवी धरून बसायची. स्कूटर विकली. या वेळी ई-रिक्षाने गेलो आणि आलो.

मी खालच्या सगळ्या खोल्यांत वाळू टाकली. उरली ती आजोबांनी माझ्या हातातून घेतली आणि मूठ बंद केली.

"अहो, राहू द्या."

"तुझे दोन्ही हात अडकले होते," ते म्हणाले. "माझा एक मोकळा आहे."

एका हाताने कठडा धरून ते चढायला लागले. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची. माझी पावलं जिथे संपली होती तिथे थांबले, श्वास घेतला आणि पुढे गेले. मी खाली उभी होते. कडी काढल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी हाक मारणार होते, पण मारली नाही.

ते उतरले ते आडवे, एक एक पाय टाकत. शेवटच्या पायरीवर बसले.

"टाकली?"

"टाकली."

"सगळीकडे?"

"पलंगाखाली वाकता आलं नाही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "त्याची बॅट अजून दारामागे आहे. उचलून बघितली. जड झाली आहे."

"बॅट कशी जड होईल?"

"तेच म्हणतोय मी."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. कुंकवाची पावलं आमच्या बसण्याने पुसली जात होती, पण आता ती पुसली तरी चालणार होतं.

"पुढच्या वर्षी मला जमेल असं नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे." मी म्हटलं, "त्याला फोन करून फ्लॅटला हो सांगून टाकू या."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या तळहातावर वाळू चिकटली होती. त्यांनी ती झटकली नाही.

तर धाकटे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. वर कुणी राहत नाही. आधी तुझे बाबा राहायचे, त्यांच्या मित्रांचा दंगा असायचा, परीक्षेच्या दिवसांत पहाटे दिवा दिसायचा. मग ते शिकायला गेले आणि मी दर वर्षी गौरींना सांगत राहिले की ही मुलांची खोली आहे. तुम्ही दोघं झालात तेव्हा मला वाटलं, आता तुमच्यासाठी म्हणून सांगू. तुम्ही एकदाच आलात, तेव्हा तू कडेवर होतीस आणि तुम्ही सगळे खालीच झोपलात. चादर मी बदलत राहिले. गौरींना मी जे सांगत होते ते खोटं आहे असं मला कधी वाटलं नाही. तू विचारलंस तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

फ्लॅट एकाच मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, खोल्या मोजक्या आहेत. त्यात मुलांची खोली नाही. पुढच्या वर्षी गौरी आल्या की आहेत तेवढ्याच दाखवीन आणि आहे तेवढंच सांगीन. पलंग ओळखीच्या एका घरी दिला. बॅट बाबांना हवी असेल तर त्यांनी सांगावं, नाहीतर मी तीही देईन.

शेजारणीला घर सोडत असल्याचं सांगितलं तेव्हा ती आधी रडली आणि मग रागावली. "वहाँ किसी और को मत रख लीजिएगा, भाभीजी। पूछने मैं ही आऊँगी, मेट्रो से आऊँगी।" मला भाभीजी म्हणणारी आता ती एकटीच आहे.

मुखवटे मी चिंचेने घासून, मऊ कापडात गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेवले आहेत. सूप आहे. विचारायला शेजारीण आहे, घंटा वाजवायला आजोबा आहेत आणि सांगायला मी आहे. एवढं अजून आहे.