झोपाळू स्फटिक

तिसरा पूल मागे पडला तरी मावशी थांबायचं नाव घेईना.

"अगं, जरा दम खाऊ दे. मागे वाघ लागलाय का?" भाचीने विचारलं.

"वाघ परवडला. एकदाच खातो."

सुट्टीचा दिवस, पहिली बस साडेनवाची. तोवर घरात बसणं मावशीच्या जिवाला झेपेना, म्हणून दोघी पायीच कारखान्याकडे निघाल्या होत्या. साहेबांचा फोन लागत नव्हता आणि दुपारी माल निघणार होता. सकाळी देवापुढे जोडलेले हात सोडायचंसुद्धा मावशी बराच वेळ विसरली होती.

यंत्रांना ठोका देणाऱ्या क्वार्ट्झच्या चकत्या घासण्यात तिची उमर गेली. चकती जितकी पातळ, तितकी तिची थरथर जलद. केसभर जास्त घासली की वारंवारता हातची गेलीच. शेजारी कुणी शिंकलं तरी मावशी म्हणायची, "नाक घरी ठेवून येत जा रे!" अशा बोलण्यामुळे तिला सगळे चिमटाबाई म्हणत. पुढे तिला तपासणीच्या टेबलावर बसवलं.

मग स्फटिक लहान होत गेले. आधी नखाएवढे होते, आता तांदळाच्या दाण्याएवढे. नव्या पोरींना ती बजावायची, "मोठा स्फटिक जोराचा धक्का सोसतो. लहानग्याला तो सोसत नाही, वर त्याच्या अंगात अडखळ जास्त. त्याला विजेचा हळूच धक्का द्यायचा आणि तेवढ्यावर उठतो का ते बघायचं."

आणि तीच चुकली. गेल्या आठवड्यात नवं तपासणी यंत्र अडून बसलं. तिने आपलं लाडकं जुनं यंत्र पुढे ओढलं, मोठ्या स्फटिकांसाठी केलेलं, दांडगट धक्क्याचं. चारशेच्या चारशे दाणे पटापट सुरू झाले. तिने सही ठोकली. दवाखान्यातल्या सलाइनच्या पंपांत बसणार होते ते. नवं यंत्र काल दुरुस्त झालं, तेव्हा मनाला चुटपुट लागून तिने त्यातले वीस दाणे त्यावर लावून पाहिले. तीन उठलेच नाहीत.

"मग जुन्यावर कसे उठले?"

"झोपाळू पोराला गदागदा हलवलं की उठतंच. वर्गात बसलं की पुन्हा डुलक्या. पंपाचा धक्का नाजूक असतो गं. ऐन वेळी तो सुरूच झाला नाही तर?"

"आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"तुला." मावशीने आभाळाकडे पाहिलं. "आणि त्याला."

भाची थोडी घुटमळली. "यंत्र बिघडलं होतं, एवढंच सांग ना. चार महिन्यांत तू निवृत्त होणार."

मावशी पहिल्यांदाच थांबली. "यंत्र बिघडलं होतं. पण सही करायला माझा हात कुणी धरला नव्हता."

कारखान्याच्या फाटकातून टेम्पोचं तोंड दिसत होतं. भरणं चालू होतं. केबिनमध्ये साहेब होते. सही मागे घ्यायची तर लेखी द्यावं लागे. मावशीने पिशवीतून कागद काढला, पेन काढलं. केसाएवढी पातळ चकती चिमट्यात न हलवता धरणारी बोटं आता पेनाचं टोपण काढू शकेनात.

तिने दोन्ही वस्तू भाचीच्या हातात दिल्या.

"तुझं अक्षर बरं आहे. तू लिही. आधी लिही, माल थांबवा. मग कुठल्या यंत्रावर तपासला ते. आणि हे बघ, माझी नोकरीची सव्वीस वर्षं मध्ये घालू नकोस."