बारा व्होल्टची बॅटरी आणि कराचा मान

दोन हजार पंचवीस साल. माझं वय अठ्ठ्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. पण गावात पहिला ट्रॅक्टर आला तो आमच्या दारात, आणि तो मी चालवत आणला. पेट्रोलचं इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी.

घरातले बैल गेले तेव्हापासून बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, आम्ही त्यालाच आंघोळ घालायचो, झूल टाकायचो. संध्याकाळी वेशीत बांधलेला कर, म्हणजे पानांचा दोर, तोच तोडायचा. पहिला मान आमच्या घराचा.

त्या साली सहा व्होल्टची बॅटरी कुठं मिळेना. वडगावचा दुकानदार दात काढत म्हणाला, "आजोबा, ती आता सपनातच बघायची." थोरल्या पोराला तेच पाहिजे होतं. त्याच्या मित्राचं हायवेला हॉटेल. नाव गावरान, दारात प्लास्टरचे बैल, सिमेंटचा आड, आडात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. लोकांना फोटो काढायला त्याला आमचा ट्रॅक्टर हवा होता. मी जाऊन बघून आलो आणि चूळ भरली.

थोरला म्हणाला, "आबा, बेंदराला ट्रॅक्टरनं सवताच्या जोरावर कर तोडला तर ऱ्हाऊ दे घरात. न्हायतर हॉटेलला द्यायचा."

"दिला सबूद," मी म्हणालो.

कागल एमआयडीसीत कामाला असणारा एक वायरमन रविवारी आला. गालात मावा, माझ्या अंगणात पिचकाऱ्या. बारा व्होल्टची बॅटरी बसवली, बल्ब बदलले, सहाचा डायनामो सोडवून ठेवला. स्पार्कची कॉईल मात्र जुनीच.

"आबा, ही सहाची हाय. बारावर तापणार. पुढल्या रविवारी बाराची आणतो. तवर पाच मिनटं चालवायचा की बंद करायचा."

बेंदूर मधल्याच बुधवारी. वेस घरापासून हाकेवर, पाच मिनिटं पुष्कळ होती. पण वेशीत पोचलो तर कर इतक्यात तोडायचा नाही म्हणे. पुढारी यायचाय. समोर स्पीकरची भिंत, असली घाण गाणी की बायका तोंड फिरवून उभ्या. थोरला कानाशी ओरडला, "आबा, इंजिन बंद करा की! कॉईल जळंल!"

"तुझ्या आज्ज्यानं मानाचा बैल कराम्होरं कधी बसवला हुता व्हय रं?"

नाही बंद केलं. आजही करणार नाही. जळक्या डांबराचा वास आला, कॉईलमधून काळं गळायला लागलं, आणि इंजिन दोन आचके देऊन गप्प झालं. तेवढ्यात पुढारी आला. हात जोडले ते कॅमेऱ्याकडं बघून.

"आजोबा, दोरी लावून वडूया की," एक पोरगं म्हणालं.

"मढं हाय व्हय रं वडायला?"

मग पुढाऱ्याच्या माणसाच्या नव्या कोऱ्या ट्रॅक्टरनं कर तोडला. शिट्ट्या काय, गुलाल काय. बेंदराला गुलाल! मी ट्रॅक्टर तिथंच वेशीत ठेवून घरी आलो.

जेवताना थोरला खाली बघून म्हणाला, "जाऊ दे आबा. हॉटेलवाल्याला न्हाय म्हणून सांगतो मी."

दिवसभरात एवढी किळस कशाची आली नव्हती. पोटचा पोर माझी कीव करत होता.

"सबूद दिलाय," म्हणालो आणि ताट सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस्टीनं वडगाव गाठलं. दुकानाचं शटर उघडेपर्यंत पायरीवर बसलो, बारा व्होल्टची कॉईल घेतली आणि वेशीत येऊन माझ्या हातानं बसवली. एका दमात इंजिन बोललं. तुटल्या कराच्या पानांवरून हायवेला लागलो. ट्रॅक्टर ओढून न्यायला हॉटेलवाल्याची क्रेन येणार होती, ती मी येऊ दिली नाही. प्लास्टरच्या बैलांशेजारी ट्रॅक्टर उभा केला. हॉटेलवाला मोबाईल रोखून म्हणाला, "पावणं, जरा हसा की!"

मी बॉनेट उघडलं, कॉईल काढली, गरम होती तशीच बंडीच्या खिशात घातली आणि चालत घरी आलो.