मयतावर ढावलो

माझा भाऊ, आमचा भिया, विहिरीत दबून मेला. उमरखेडकडच्या एका शेतात खोदकाम चालू असताना दरड सुटली आणि खालचे दोन मजूर अडकले. भिया दोर धरून उतरला. दोघांना वर पाठवलं, आणि उरलेली दरड त्याच्या अंगावर आली. पुढे या घटनेवर सिनेमा काढायला मुंबईचा एक दिग्दर्शक आमच्या तांड्यावर आला. बोली नीट व्हावी म्हणून त्यानं मला सोबत घेतलं.

शूटिंगला पाहते तर भिया झालेला नट तोंडाला बाटली लावून बसलेला. हा नशेत सुरुंग पेटवतो आणि माणसं मरतात, असा सीन. तांड्यातला माणूस म्हटला की यांना आधी मोहाची दारूच दिसते. माझं डोकं सणकलं.

"साहेब, माह्या भावानं दारूले कधी हात नाही लावला. तो वाचवाले उतरला होता. त्याची पोरगी शाळेत जाते, तिले काय म्हणतीन लोकं?"

"ताई, पडद्यावर ड्रामा लागतो. सुरुवातीला पाटी टाकतोय ना, काही प्रसंग काल्पनिक आहेत म्हणून."

आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी म्हणतो, "मयताच्या सीनला मात्र तुमचं अस्सल गाणं हवं. त्यात खोटं मला चालणार नाही."

मी त्याला ढावलो दिला. सासरी निघालेली नवरी माहेरच्यांच्या गळ्यात पडून जे रडत गाते, तो ढावलो. माझ्या लग्नात भियाच्या गळ्यात पडून मी तोच गायले होते. मयताला तो कोणी गात नाही. आईचं काम करणारी नटी बिचारी मन लावून शिकत होती आणि माझ्या काळजाला थंडक पडत होती.

सिनेमा लागला तेव्हा दिग्दर्शक आम्हा तांड्यावाल्यांसोबत यवतमाळच्या थेटरात बसला. पडद्यावरची आई प्रेताला मिठी मारून ढावलो गाऊ लागली आणि आमच्या माणसांना हसू फुटलंच.

"अबे, मुर्दा सासरी चालला का?" मागून कोणीतरी ओरडलं.

दिग्दर्शकाचं तोंड उतरलं. "का हसतायत हे?"

"पाटी टाका ना साहेब," मी म्हणाले, "काही गाणी काल्पनिक आहेत म्हणून."

मला त्याचा पश्चात्ताप नाही, आजही नाही. परतताना जीपमध्ये याडी, माझी आई, शेजारी बसली होती. मी खुशीत विचारलं, "कशी जिरवली त्याची?"

ती बाहेरच पाहत होती. "माहं पोरगं तिथं मरून पडलं होतं," ती म्हणाली, "अन् आपलीच माणसं हासून राह्यली होती."