अठराव्यांदा बंद पडला तेव्हा

आमचा कॉम्प्युटर बंद पडायचा तेव्हा काही सांगून जायचा नाही. इशारा नाही, आवाज नाही. बायको टाइप करत असायची आणि समोर एकदम काळं. पुन्हा चालू केल्यावर आतल्या नोंदींत एकच ओळ सापडायची: याआधीचं बंद होणं अनपेक्षित होतं. तीही परत चालू झाल्यावर लिहिलेली. बंद पडण्याआधीच्या मिनिटाचं काहीच नाही.

बायको घरूनच डॉक्टरांचे रिपोर्ट ऐकून टाइप करायची, सकाळी आठ ते दीड. कंपनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत. गुडघे दुखत असल्यामुळे चामराजपेटहून रोज तिथं जाणं तिला शक्य नव्हतं. नऊ वर्षं हे काम तिनं केलं. आता कंपनीची मेल आली होती: या महिन्यात काम चालू असताना आणखी एकदा लाइन तुटली, तर काम दुसऱ्याला देऊ.

ऑफिसात माझं काम दुसऱ्यांचे आकडे तपासण्याचं. मशीन पहिल्यांदा बंद पडलं तेव्हापासूनच मी तक्ता ठेवला होता. तारीख, वेळ, उघडी फाइल, वीज बाहेरची की इन्व्हर्टरची, पंखा, खोलीत कोण. मी दिवसभर बाहेर, म्हणून तो बायको भरायची. रविवारी मी मेमरी तपासली, धूळ काढली, वायर बदलली. मीटर लावून पाहिला. बारा व्होल्टच्या जागी बारा पूर्णांक एक दशांश. ठीक. मशीन नुकतंच चालू केलेलं होतं, त्यावर काही काम चालू नव्हतं, हेही मी तक्त्याखाली लिहिलं आणि विसरून गेलो.

मेल आली तोवर सतरा ओळी झाल्या होत्या. शेवटच्या रकान्यात पंधरा वेळा एकच नाव: अप्पा.

अप्पा म्हणजे माझे वडील, वय एक्याऐंशी. अंघोळ, पूजा आटोपून ते दहाला त्या खोलीत येत आणि खिडकीशी बसून कानडी पेपर वाचत. स्विचबोर्ड त्यांच्या खुर्चीच्या हाताशी. खोलीतून उठताना चालू दिसेल ते बटण बंद करायचं, ही आमच्या घराला त्यांनीच लावलेली शिस्त.

जेवताना मी विषय काढला. "अप्पा, उठताना तुम्ही बोर्डाचं बटण दाबता."

"ते तिच्या मशीनचं आहे, ठाऊक आहे मला. मी हात लावत नाही."

"चुकून दाबलं जात असेल. ती ओरडली की पुन्हा चालू करत असाल."

अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. "म्हणजे मी बंद करतो आणि वर लपवतोही? सरी, ठीक आहे! मोठा तपासनीस झालास."

"सतरापैकी पंधरा वेळा तुम्ही खोलीत होतात."

"अरे, मी रोजच असतो त्या खोलीत! बंद पडत नाही त्या दिवशी मी कुठं असतो, ते लिहिलंस?"

"अहो, जाऊ द्या ना," बायको म्हणाली.

मी जाऊ दिलं नाही. महिना संपेपर्यंत म्हणून अप्पांना सर्जापूर रोडला अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, फ्लॅटवर पोचवलं. बटणावर चिकटपट्टी लावली असती तरी दोन-चार दिवसांत खरं-खोटं कळलं असतं. ते सुचलं नाही, कारण माझ्या लेखी ते कळलेलंच होतं.

तीन दिवस मशीन नीट चाललं. "बघ," मी बायकोला म्हणालो. चौथ्या दिवशी दहा वीसला तिचा ऑफिसात फोन आला.

"गेला."

"खोलीत कोण होतं?"

"कोण असणार? मी."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी घरी गेलो आणि मशीन ऑटोत घालून मार्केटजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं आतला वीजपुरवठ्याचा डबा उघडला. दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले. "सार, स्वल्प गरम झालं की हे संपलं. थंड असताना मीटर लावलात तर बरोबरच दाखवणार." आठला चालू झालेलं मशीन साधारण दहापर्यंत पुरतं तापायचं. अप्पाही दहालाच यायचे.

घरी येऊन मी बायकोला हे सांगितलं.

"तरीच," ती म्हणाली. "मॉनिटरचा छोटा दिवा दर वेळी चालूच असायचा."

मॉनिटर आणि मशीन दोन्ही एकाच बटणावर होती. अप्पांनी बटण बंद केलं असतं तर तो दिवाही गेला असता.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या तक्त्यात कुठं विचारलं होतं?"

दुसऱ्या दिवशी साडेअकराला कंपनीची मेल आली. तिनं ती दोनदा वाचली आणि हेडफोन गुंडाळून खोक्यात घातला.

संध्याकाळी मी अप्पांना फोन केला. चूक माझी होती, बिघाड कुठं होता, सगळं क्रमानं सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "तिचं काम?"

"गेलं."

"मी तिथून निघाल्यानं तिचं काम जरी टिकलं असतं, तरी चाललं असतं." मग म्हणाले, "फोन तिच्याकडे दे."

मी दिला. ती बराच वेळ नुसतं "हो, मामंजी" म्हणत होती. मग तिला रडू आलं, आणि ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली.