मोगऱ्यावर घेतलेला आळ

“दमा आहे. परागकणांची अ‍ॅलर्जी असावी,” डॉक्टर म्हणाले. मी लगेच विचारलं, “मोगरा काढून टाकू का?”

निर्मळ गावी आमच्या दारातच सासूबाईंचा मोगरा आहे. सहा ओळी, त्यांनी एकटीनं वाढवलेल्या. दीड महिना माझ्या छातीत शिट्टी वाजत होती. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की बसावंसं. स्पायरोमेट्री झाली, म्हणजे नळीत जोरात फुंकायचं. बाहेर बाकावर ताटकळतानाच मी गुन्हेगार ठरवून टाकला होता.

“थांबा, आधी मोजूया,” डॉक्टर म्हणाले. पोलन काउंट, म्हणजे हवेत किती परागकण आहेत याची मोजदाद. त्यांनी व्हॅसलीन लावलेल्या काचपट्ट्या दिल्या. एक मोगऱ्यात, एक कपड्यांच्या दोरीपाशी. रोज बदलायच्या, आठवड्यानं आणायच्या.

आठवडा! मला कुठला धीर? घरी जाऊन ‘हे मोगऱ्यामुळंच’ असं बोलून मोकळी झाले. भीतीनं चादरी रोज धुवायला लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर दोन ओळी उपटलेल्या. आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, हात मातीनं भरलेले. “तुझ्या जिवापरीस फुलं मोठी नाय गं,” त्या म्हणाल्या. मी त्यांना थांबवलं नाही. त्याची लाज अजून वाटते.

आठवड्यानं डॉक्टरांनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली. मोगऱ्यातल्या पट्ट्यांवर जेमतेम काही होतं, दोरीजवळच्या गच्च भरलेल्या.

“दोरीच्या वर काय आहे?”

“नारळ. फुलोऱ्यावर आलेत.”

“आणि मोगरा कधी तोडता?”

“पहाटे, कळी असतानाच. उमललेला गजऱ्याला कोण घेतं?”

“मग त्याचे पराग उडणार कधी?”

अकरा वर्षं मी आईंबरोबर त्या मिटलेल्या कळ्या तोडतेय. आणि रोज धुतलेल्या चादरी मी नारळाखालीच वाळवत होते, त्यावरच झोपत होते.

स्किन प्रिक झाली, म्हणजे हातावर थोडं थोडं टोचून बघतात. नारळाचं टोचलं तिथेच गांधी उठली.

आता इन्हेलर दोन वेळा, चादरी घरात वाळतात. शिट्टी थांबली. तुम्हालाही असं काही झालं, तर आधी मोजू द्या. धीर धरा म्हणायचा अधिकार मला नाही, तरी सांगते.

पावसाळ्यात मास्क लावून मी त्या दोन ओळींत नवी कलमं लावली. आई शेजारी उभ्या होत्या. “आई, चुकलं माझं,” मी म्हटलं.

“माती नीट दाब,” त्या म्हणाल्या, आणि स्वतःच खाली बसून दाबू लागल्या.