बसायचं काम

लॉन्ड्रीत उभ्यानं इस्त्री करण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यामुळे चित्रकलेच्या शाळेत नुसतं बसायचं काम मिळालं, तेव्हा नवरा म्हणाला, "आता तू खरी बसून खाणारी झालीस." तीही हसली. अंगावर शाल, हात मांडीवर आणि समोर चित्र काढणारी मुलं. यात आपण करायचं ते काय?

आठवडाभरातच तिला उत्तर मिळालं. आधी मान भरून यायची, मग कमरेत धरायचं आणि शेवटी डावा पाय आपला की खुर्चीचा, तेच कळेनासं व्हायचं. पण मुलांची मेहनत आपल्यापायी वाया जायला नको, म्हणून ती कळ सोसून बसे. सर म्हणत, "मावशी म्हणजे दगड!" तिला ते बक्षिसासारखं वाटे.

एका दुपारी तास संपल्यावर ती उठली, पण बधिर झालेला पाय काही उठला नाही. ती समोरच्या चित्रावर आडवी झाली. कोपर खरचटलं, केसांना ओला निळा रंग लागला. दोन मुलींनी धरून तिला पुन्हा त्याच खुर्चीत बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी गुडघा वाकवून पाहिला. "मोडलेलं काही नाही. पण असं सलग बसू नका. मधूनमधून उठा, चार पावलं टाका, हात वर ताणा, मान फिरवा."

"मी हलले की पोरांचं चित्र हलतं हो."

"आणि नाही हललात, तर पाय जागचा हलणार नाही."

मग तिनं चोरून सुरुवात केली. बुटातल्या बुटात बोटं हलवायची, खांदा हळूच मागे न्यायचा. पुढच्या रांगेतली मुलगी लगेच म्हणाली, "मावशी, गुडघा हलतोय." तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी तिनं सरांना गाठलं.

"सर, मला मध्ये उठावं लागेल. जमत नसेल तर दुसरं कुणी बघा."

बोलून तर गेली, पण पुन्हा इस्त्रीपुढे उभं राहायचं बळ तिच्यात नव्हतं. सरांनी खडू आणला आणि तिच्या पावलांभोवती, खुर्चीच्या पायांभोवती रेघा ओढल्या.

"उठा खुशाल. पण बसायचं परत इथंच."

सगळ्यांसमोर आळस दिल्यासारखे हात ताणताना पहिल्यांदा तिला फार लाज वाटली. हळूहळू मुलंही तिच्याबरोबर उठून पाठ मोकळी करू लागली. एक मुलगा मात्र वैतागला. पाय खडूच्या रेघेत बसत, पण शालीच्या चुण्या दर वेळी नव्या पडत.

"मावशी, मघाची चुणी कुठं गेली?"

"पाय मोकळे करायला गेली असेल."

वर्ग हसला, तो नाही हसला. तो उरलेलं वर्ष कोपऱ्यातल्या सुरईचंच चित्र काढत राहिला.

गुडघा पूर्ण बरा झाला नाही. जिना उतरताना अजून कुरकुरतो. पण भिंत धरावी लागत नाही.

वर्षअखेरच्या प्रदर्शनाला ती नवऱ्याला घेऊन गेली. दोन चित्रांपुढे तो बराच वेळ थांबला.

"इथं हात वर आहे, तिथं खाली. यातली खरी तू कुठली?"

"दोन्ही. मध्ये उठले होते मी," ती म्हणाली आणि पुढच्या चित्राकडे वळली.