गाठ कुणाची?

शिलाईच्या शेडात दिवसाला पोतंभर चिंध्या निघतात. त्या शेडात कामाला असलेली सुमन झाडून नेती. किस्से मात्र कोण झाडत न्हाय, ते माझ्यापाशीच साठत जातात. आमी माकणीच्या धरणावर काईट शिवतो. म्हंजे माणूस पाण्यात फळीवर उभा राहतो आन वर कापडाची काईट त्याला वाऱ्यावर ओढत नेती, ती. चौथीत शाळा सुटलेल्या माणसानं लिहिलंय, चुका काढत बसू नका.

*

मालक पुण्याचे. पयल्यांदा आले तवा गाडीच्या डिकीत एक फाटकी परदेशी काईट. "काका, अशीच पण स्वस्तातली शिवता येईल का?"

म्या उलगडून बघितली. कापडाचे दोन पदर, मधी कप्पे, पुढनं तोंडं उघडी. वारं आत शिरलं की गादीसारखी फुगती. म्या चाळीस वर्षं लग्नाचे मंडप शिवले. सगळी हयात वारं बाहेर ठेवण्यात गेली, आन म्हातारपणी हा माणूस सांगतो, वारं आत घालून शिवा.

व्हय म्हणलं. लग्नं आता कार्यालयात होतात, मंडप कोण बांधतंय.

*

पयली काईट छत्रीच्या कापडाची केली. टेस्टिंगला सलीम, धरणात मासे धरणारा गडी. त्यालाच का निवडलं? पोहता येतं म्हणून, दुसरं काय न्हाय.

कापडानं पाणी पिलं आन काईट धरणात बसली ती उठंचना. सलीमनं दोन तास ओढून काठाला आणली. तो धापा टाकतोय, आन मालक वही काढून विचारतात, "फीडबॅक काय?"

सलीम म्हणला, "म्हैस हाय साहेब. पण म्हैस हाकलली तर उठती तरी."

मालकांनी वहीत 'वजन जास्त' असं लिहिलं.

*

काईटला खाली झुबकाभर बारीक दोऱ्या असतात. पुढच्यांवर जोर लई, त्या ताणून लांबतात. मागच्या भिजून आटतात. बोटभर फरक पडला की काईट मागं बसती आन माणूस पाण्यात.

माझा इलाज एकच. शेडामागच्या लिंबाच्या झाडाला खिळा, दोरीला पाच किलोचं वजन, आन खाचा पाडलेली बाभळीची काठी. काठीशी मापायचं, गाठ सरकवायची. नवी दोरी तर दोन दिवस भिजवून, वजन लावून ताणल्याबिगर कापायचीच न्हाय.

मालकांनी ह्याचा व्हिडिओ काढून टाकला. लोकांना लई आवडला म्हणं. सुमननं मोबाईलवर दाखवला. झाड होतं, वजन होतं, काठी होती. काठी धरलेला हात मनगटापर्यंत होता.

*

एकदा म्या तापानं घरी पडलेलो. मालकांना घाई. त्यांनी स्वतःच गाठी मारल्या आन सलीमला पाठवलं. काईट आधी मागं बसली, मग एकदम उसळली आन सलीमला उचलून काठच्या दगडावर टाकलं. खांद्याचं हाड मोडलं.

मालक पळत गेले. पयला सवाल, "काईट फाटली का?"

सलीम पडल्या पडल्या म्हणला, "न्हाय साहेब. मी खाली होतो, वाचली ती."

तवापासनं काईट अडकवायचा कमरेचा पट्टा आवळायच्या आधी तो एकच विचारतो, "काका, गाठ कुणाची?" म्या म्हणतो, "माझी." मग जातो. माझ्या शब्दावर एवढा भरवसा बायकोनं बी कधी ठेवला न्हाय.

*

यंदा मालकांनी इंजिनिअर आणला, निखिल साहेब. माणूस शिकलेला, बोलणं गोड. सगळी मापं कम्प्युटरवर. दोरी रिळावरनं सुटली की कोरीच कापायची.

म्या सांगितलं, साहेब, तिला आधी पाणी पिऊ द्या. ते हसले. "काका, कम्प्युटरमध्ये सगळं धरलंय."

मला काईट घालायच्या पिशव्या शिवायला बसवलं. साहेबांच्या टेबलामागची खिडकी वाऱ्यानं आपटत होती, तिला माझी काठी टेकू म्हणून लावली. आपटायची थांबली, म्हंजे काठी कामाची होती.

*

मागच्या महिन्यात गोव्याहून तीन गिऱ्हाईकं आली. काईट पास झाली तर वर्षभराचं काम, न्हायतर शेडाला कुलूप, असं मालकांनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. मला तेवढं बाजूला घेतलं.

"सलीम विचारील. तुम्ही फक्त 'माझी' म्हणा. सुमनच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नाही, एवढं ध्यानात ठेवा."

सुमन काईटचं टोक धरून काठावर उभी होती. वारं चांगलं होतं. सलीमनं पट्टा कमरेला लावला, आवळला न्हाय. माझ्याकडं बघितलं. खांदा अजून वाकडाच हाय त्याचा.

"काका, गाठ कुणाची?"

मालक बघत होते. सुमन बघत होती.

"माझी न्हाय," म्या म्हणलं.

सलीमनं पट्टा काढला आन निखिल साहेबांपुढं धरला. "तुमची हाय ना साहेब? मग तुमीच जावा."

साहेबांनी पट्टा हातात घेतला. पाण्याकडं बघितलं. मग वाळूत पसरलेल्या दोऱ्यांकडं बघितलं, एक एक करून. सुमनच्या हातात काईट फडफडायला लागली, तिनं दोन्ही हातांनी दाबून धरली.

साहेब माझ्यापाशी आले. आवाज लई बारीक.

"काका, तुमची काठी कुठंय?"

"खिडकीला," म्या म्हणलं.